छोटा धंदा सांभाळताना: मुंबईतल्या दुकानदार-गाळेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागचा मसालेवाला असो, वसईचा फॅब्रिकेटर असो की बोरिवलीत घरून डबे देणाऱ्या ताई, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून ते एकदा ओळीने लिहून काढले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धंद्याची मुख्य कामं म्हणजे नेमकी कोणती? मी एकटाच आहे, सगळं मीच बघतो.

विक्री, माल, पैसा, माणसं आणि सरकारी कागद. एकट्या माणसाचा दिवस पहिल्या दोनांतच जातो, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि टेम्पो दारात. पैशाचं काम आरडाओरडा करत नाही, म्हणून ते रविवारवर ढकललं जातं आणि रविवारी घरी पाहुणे येतात. आठवड्यातून एक तास, शटर खाली असताना, फक्त या तीन आकड्यांना द्या: आज हातात किती आहे, येत्या सात दिवसांत कोणाकडून किती येणार, कोणाला किती द्यायचंय. पुढचे निम्मे प्रश्न पैसा येण्या-जाण्याच्या तारखांच्या घोळातूनच आलेले आहेत.

२. सुरू करताना कुठले कागद लागतात?

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर तुमचंच पॅन चालतं, वेगळं काढावं लागत नाही. त्यानंतर गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी. कामगार थोडे असतील तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. कामगारसंख्येची मर्यादा अर्ज भरण्याच्या दिवशीच पोर्टलवर बघा, मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरू नका. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती पूर्ण मोफत आहे, त्यासाठी हजार-दोन हजार मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. व्यवसाय कराचं पीटीईसी (मालकाची स्वतःची नोंदणी) मात्र बरेच जण विसरतात. वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा १४ आकडी नंबर बिलावर छापावा लागतो. उपाहारगृह किंवा तत्सम जागा असेल तर महापालिकेचा आरोग्य परवाना वेगळा. जीएसटीसाठी प्रश्न ११ पाहा.

३. घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवायचा म्हणजे काय करायचं? शेवटी दोन्ही माझेच ना?

तुमचेच आहेत, पण गल्ल्यातून दूधवाल्याचे पैसे गेले की धंदा चालतोय की नाही हे कोणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. चालू खातं उघडा. दुकानाचा क्यूआर त्याच खात्याचा लावा, बायकोच्या किंवा मुलाच्या नंबरचा नको. स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार घ्या आणि तो ठरलेल्या तारखेला घरच्या खात्यात टाका. लग्नकार्य, आजारपण अशी मोठी उचल झाली तर ती मालकाच्या नावे लिहा. ती परत आली नाही तरी निदान दिसेल.

४. रोजचा हिशेब किती लिहायचा? टॅली घ्यावं का?

रोजमेळ लिहा, रोज. सकाळची शिल्लक, आलेले पैसे रोख आणि यूपीआय वेगवेगळे, गेलेले पैसे, रात्रीची शिल्लक. गल्ला मोजून आकडा जुळवायचा. दहा-वीस रुपयांचा फरक सोडून द्या, रोज दोनशेचा फरक पडत असेल तर शोधा. हे वहीत केलं तरी चालतं. महिन्याला दीडशे-दोनशे बिलं होऊ लागली, किंवा जीएसटी आला, की टॅली किंवा तसं एखादं सॉफ्टवेअर घ्या.

रोखीचे दोन नियम मात्र पाठ करा. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीने दिला तर आयकरात तो खर्च धरत नाहीत (मालवाहू गाडीच्या भाड्यापोटी वाहतूकदाराला देत असाल तर ही मर्यादा ३५,००० आहे). आणि एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही, तिथे दंड घेतलेल्या रकमेइतका असू शकतो.

५. मी खरेदीवर ३० टक्के चढवून विकतो. गर्दी असते, तरी महिन्याअखेर काहीच कसं उरत नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. १०० ची वस्तू १३० ला विकली तर विक्रीवरचा नफा ३० टक्के नसतो. ३० भागिले १३०, म्हणजे सुमारे २३ टक्के असतो. भाडं, पगार, लाइट बिल हे सगळं या २३ टक्क्यांतून जातं.

समजा गाळ्याचं भाडं ३०,०००, दोन पोरांचे पगार मिळून ३०,०००, लाइट आणि किरकोळ ५,०००, तुमचा स्वतःचा पगार ३५,०००. झाले महिन्याचे १ लाख. हे भागवायला विक्री लागते सुमारे ४,३३,००० ची. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज साधारण १६,७००. हा आकडा चिठ्ठीवर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. संध्याकाळी सातला बारा हजारांवर असाल तर दिवस कुठे उभा आहे ते कळतं.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, दहा टक्के तरी कमी करा." तुम्ही करता. १३० ची वस्तू ११७ ला गेली. नफा ३० वरून १७ वर आला, म्हणजे जवळपास निम्म्यावर. सगळ्यांनाच ही सूट दिली तर तेच १ लाख भागवायला ६,८८,००० ची विक्री लागेल, रोज साडेसव्वीस हजारांची. तेवढं गिऱ्हाईक तुमच्या गल्लीत आहे का? सूट द्यायचीच असेल तर पडून राहिलेल्या मालावर द्या, किंवा रोख आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला. तशी सूट निदान पैसा लवकर घेऊन येते.

घरून धंदा करणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. भाडं नाही म्हणून किंमत पाडू नका. गॅस, स्वतःचे तास आणि पोहोचवण्याचा खर्च धरून किंमत काढा. उद्या ऑर्डरी वाढल्या आणि गाळा घ्यावा लागला की जुन्या गिऱ्हाइकांना वाढीव भाव सांगताना जीभ अडखळते.

६. माल किती भरून ठेवावा?

मुंबईत, बहुतेक धंद्यांत, वाटतो त्यापेक्षा कमी. इलेक्ट्रिकचं सामान लोहार चाळीत, अवजारं नागदेवीला, सुका मेवा आणि मसाले मशीद बंदरला, कापड मंगलदास मार्केटला. सकाळी माणूस पाठवला तर दुपारपर्यंत माल येतो. अशा शहरात चौरस फुटाला भाडं मोजून तीन महिन्यांचा साठा मांडायचा कशाला? घाऊक व्यापारी सांगतो, "शंभर पेट्या घ्या, दोन टक्के कमी लावतो." ते दोन टक्के चार महिने रॅकवर अडकलेल्या पैशाने केव्हाच खाल्लेले असतात.

साधा हिशेब: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक दोन-तीन दिवसांचा जादा. साठा त्या आकड्याखाली आला की ऑर्डर द्यायची. दिवाळी आणि गणपतीच्या आधी हा नियम बाजूला ठेवा, तेव्हा बाजारात मालच संपतो. सहा महिने न हललेला माल दर तिमाहीला वेगळा काढा आणि खरेदी भावाला का होईना, विकून मोकळे व्हा.

पावसाचंही बघायला हवं. २६ जुलै २००५ ला ज्यांचा माल जमिनीवर होता त्यांचा गेला. सखल भागातल्या गाळ्यात सगळ्यात खालचा कप्पा जूनपासून रिकामा ठेवा. विमा घेताना पुराचं संरक्षण त्यात आहे का हे बघा आणि मालाची किंमत कमी दाखवू नका. १० लाखांच्या मालाचा ५ लाखांचाच विमा असेल तर २ लाखांच्या नुकसानीलाही कंपनी प्रमाणात कापून साधारण १ लाखच मंजूर करू शकते.

७. सीए म्हणतो फायदा झाला, कर भरा. मग खात्यात पैसा का नाही?

कारण फायदा बिलाच्या तारखेला होतो आणि पैसा पार्टीच्या मर्जीच्या तारखेला येतो. एक ऑर्डर तारखांसह मांडू.

वसईचा एक गाळा, स्टीलच्या रॅकचं काम, बिल ३ लाखांचं, वर १८ टक्क्यांनी ५४,००० जीएसटी. ३ सप्टेंबरला पत्रा घेतला: १,६०,००० आणि जीएसटी २८,८००, लगेच चुकते. सप्टेंबरभर दर शनिवारी मजुरी, लाइटसकट एकूण ६०,०००. २८ सप्टेंबरला माल गेला, बिल फाडलं. २० ऑक्टोबरला पत्र्यावरचा वजा जाता उरलेला जीएसटी भरला, २५,२००, पार्टीचा एक रुपयाही आलेला नसताना. पार्टीची मुदत ६० दिवसांची, म्हणजे पैसे नोव्हेंबरअखेर. कागदावर नफा ८०,०००. पण २० ऑक्टोबरपर्यंत खिशातून गेले २,७४,०००.

अशा दोन ऑर्डरी एकदम घेतल्या तर नफा १,६०,००० आणि खिशातून ५,४८,०००. म्हणून ऑर्डरी वाढल्या की नवा धंदेवाला आधी कोरडा पडतो. उपाय तीनच: ऑर्डरबरोबर किमान पत्र्याइतकी आगाऊ रक्कम, पत्रेवाल्याकडून पंधरा-वीस दिवसांची मुदत, किंवा प्रश्न १७ मधलं कॅश क्रेडिट (बँकेने ठरवलेल्या मर्यादेत लागेल तसं काढायचं-भरायचं कर्ज). आगाऊ रकमेवर जीएसटीचा भेद लक्षात ठेवा. मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर तेव्हा जीएसटी लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. सेवेसाठी घेतलेल्या आगाऊवर लगेच लागतो.

८. उधारी बंद केली तर गिऱ्हाईक तुटतं, ठेवली तर पैसा बुडतो. करायचं काय?

बंद करू नका, मर्यादा घाला. प्रत्येक पार्टीची रक्कम आणि दिवस, दोन्ही ठरवा. आधीचं बिल थकलं असेल तर पुढचा माल अर्धे पैसे आल्यावरच. हा नियम पोरांना सांगून ठेवा, म्हणजे "शेठ नाहीत, मला परवानगी नाही" असं काउंटरवरून म्हणता येतं. मालकाला स्वतःला नाही म्हणणं जड जातं.

वसुलीचा फोन मुदत संपल्यावर करतात, तो संपायच्या तीन दिवस आधी करा. "बिल मिळालं ना, काही चूक नाही ना?" एवढंच विचारा. मोठ्या कंपन्यांत पैसे अडकण्याचं कारण बहुधा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकला, चलानवर सही नाही, बिल भलत्याच माणसाच्या टेबलावर पडलंय, असलंच असतं. मालकाशी ओळख असून उपयोग नाही, अकाउंट्समध्ये चेक कोण काढतो त्याचं नाव माहीत हवं.

९. मोठी कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. उद्यम असेल तर ४५ दिवसांत मिळतात असं ऐकलं, खरं का?

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही उत्पादन करत किंवा सेवा देत असाल, तर हो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी कमाल ४५. पीओवर ९० लिहिलं म्हणून ९० होत नाहीत. उशिराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. शिवाय २०२३-२४ पासून उशिरा दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरता येते. सीए मंडळी याला आयकराच्या कलमावरून ४३बी(एच) म्हणतात. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून तुमचं उद्यम प्रमाणपत्र मागतात ते याचमुळे.

उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. नोंदणी माल देण्याआधीची असावी, नंतरची असली की वाद होतो. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाते. पण खरं बोलायचं तर चालू पार्टीवर तक्रार केली की पुढची ऑर्डर विसरायची. नातं संपलेलंच असेल तर जरूर करा. चालू नात्यात आधी ट्रेड्सवर (कंपन्यांवरची बिलं मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवता येतं का विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, फक्त तुमचं बिल त्यांनी तिथे मान्य करावं लागतं.

१०. माझ्याकडेही उद्यम आहे, पण पार्टीचा सीए म्हणतो ४५ दिवस मला लागू नाहीत.

तुम्ही फक्त खरेदी करून विकत असाल तर तो बरोबर आहे. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. प्रमाणपत्र दिसायला सारखंच असतं, म्हणून घोटाळा होतो. थोडं उत्पादन आणि थोडा व्यापार असेल तर बिलं वेगळी ठेवा.

११. यूपीआयने पैसे घेतले तर जीएसटीची नोटीस येते का? जीएसटी नक्की कधी लागतो?

यूपीआयमुळे जीएसटी लागत नाही, उलाढालीमुळे लागतो. रोख आणि यूपीआय मिळून, आर्थिक वर्षात, एका पॅनवर. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. माल आणि सेवा दोन्ही असतील तर २० लाखच धरा. पोळीभाजी केंद्र किंवा उपाहारगृह सेवेत मोडतं, तिथेही २० लाख. करमाफ मालाची विक्रीसुद्धा या बेरजेत येते. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करायची.

परराज्यात माल विकला तर पहिल्या बिलापासूनच नोंदणी लागते, हस्तकलेसारखे मोजके अपवाद सोडून. सेवेला ही अट नाही. डोंबिवलीतून सुरतला साडीचा एक खोका पाठवतानाही हे आठवावं. आणि भिशीचे, भावाने परत केलेले पैसे दुकानाच्याच खात्यात येत असतील तर ते विक्री नव्हेत हे उद्या तुम्हालाच पटवून द्यावं लागेल (प्रश्न ३).

१२. कंपोझिशन, म्हणजे जीएसटीची ठोक दराची योजना, घ्यावं का?

गिऱ्हाईक घरगुती असेल तर विचार करा, दुसऱ्या धंद्यांना विकत असाल तर नको. माल विकणाऱ्यांना दीड कोटींपर्यंत उलाढालीवर १ टक्का, उपाहारगृहाला ५ टक्के, इतर सेवांना ५० लाखांपर्यंत ६ टक्के. हा कर तुमच्या खिशातून जातो, बिलात लावता येत नाही. खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वळता होणं) मिळत नाही, तुमच्या गिऱ्हाइकालाही नाही. परराज्यात माल विकता येत नाही. किराणा दुकानाला सोयीचं, फॅब्रिकेटरला घातक.

१३. मी सप्लायरला जीएसटीसकट पैसे दिले, पण क्रेडिट दिसतच नाही.

त्याने जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, तुमचं बिल दाखवलेलं नाही. जीएसटीआर-२बी, म्हणजे तुमच्या क्रेडिटची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, त्यात नसलेलं क्रेडिट घेता येत नाही. नवा सप्लायर असेल तर मूळ रक्कम द्या आणि जीएसटीची रक्कम २बीमध्ये बिल दिसेपर्यंत धरून ठेवा. बाजारात ही पद्धत रूढ आहे, कोणी रागावत नाही. उलट बाजूने, सप्लायरचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं.

१४. पार्टी माझ्या बिलातून १ टक्का कापते. भांडू का?

नको. कामाच्या कंत्राटावरचा तो टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर आहे. तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. फक्त २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात) दिसतो का ते तिमाहीला बघा. कापला पण भरला नाही असं होतं, तेव्हा मात्र भांडा.

१५. पहिला माणूस कधी ठेवू आणि त्याला कुठलं काम देऊ?

ज्या कामामुळे तुम्हाला गिऱ्हाईक सोडावं लागतं ते काम द्या: पॅकिंग, डिलिव्हरी, बँकेची फेरी. खरेदीचा भाव ठरवणं आणि बँकेचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ज्याच्या हातात गल्ला, त्याच्याच हातात हिशेबाची वही नको. हा अविश्वास नव्हे, प्रामाणिक माणसावर उगाच संशय येऊ नये म्हणून.

पगार, खाडे आणि उचल एकाच कार्डावर लिहा, महिन्याला त्याची सही घ्या. उचलीवरून जितकी माणसं तुटतात तितकी पगारावरून तुटत नाहीत. गणपतीला गावी जायला मोठी उचल मागतीलच, किती हप्त्यांत कापणार ते देतानाच लिहा. पगार ७,५०० च्या वर गेला की व्यवसाय कर कापायचा, १०,००० पर्यंत महिन्याला १७५, त्याच्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. त्यासाठी पीटीआरसी हा वेगळा नंबर लागतो, प्रश्न २ मधलं पीटीईसी चालत नाही. २० माणसं झाली की पीएफ.

१६. दोनच माणसं आहेत. दिवाळी बोनस द्यावाच लागतो का?

एवढ्याशा धंद्याला कायद्याची सक्ती नसते, पण मुंबईत एक पगार द्यायची रीत आहे आणि माणसं ती धरूनच चालतात. दर महिन्याला पगाराचा बारावा भाग बाजूला टाकत जा. ऑक्टोबरात शोधाशोध करायची वेळ येत नाही.

१७. कर्ज कुठलं घ्यावं?

यंत्रासाठी मुदतीचं कर्ज, मालासाठी आणि उधारीसाठी कॅश क्रेडिट. उलटं केलं की फसता: कॅश क्रेडिटमधून यंत्र घेतलं तर पत्र्याला पैसे उरत नाहीत. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण फेडलेल्यांना तरुण प्लस २० लाखांपर्यंत, तारणाशिवाय. रोजच्या वसुलीची ॲपवाली कर्जं टाळा. प्रश्न ५ मधल्या २३ टक्क्यांत तो हप्ता बसत नाही.

१८. पार्टीचा चेक परत आला. आता?

बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. "पुन्हा टाका, नक्की पास होईल" या बोलण्यात दिवस जातात. चेक तीन महिन्यांपर्यंतच वैध असतो, त्यात पुन्हा टाकता येतो, पण मोजणी शेवटच्या मेमोपासून करून तारीख कॅलेंडरवर मांडा.

१९. गाळ्याचा मालक म्हणतो ११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?

महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दलच्या वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे वाक्य मालकाला दाखवा, बरेच जण लगेच तयार होतात. तुम्हाला तोच कागद जीएसटी आणि बँकेसाठी लागतो.

२०. पाटी इंग्रजीत चालेल का?

इंग्रजी असू द्या, पण मराठी देवनागरीत हवीच, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. कामगार कितीही असोत. नोव्हेंबर २०२३ पासून महापालिका तपासणी करते आहे.

२१. भावाबरोबर निम्मी भागीदारी आहे, तोंडी. लिहून घेतलं तर त्याला वाईट वाटेल.

लिहिलेलं नसलं तरी १९३२ च्या भागीदारी कायद्याने ती भागीदारीच आहे, आणि त्याने दुकानाच्या नावाने केलेल्या देण्याला तुम्हीही जबाबदार आहात. करारपत्र करा: कोणी किती पैसे घातले, पगार कोणाला, उचल किती, एक जण बाहेर पडला तर माल आणि गाळ्याची किंमत कशी काढायची. वाईट वाटण्याचा प्रश्न असेल तर सीएच्या तोंडून मागवा, तो मागतोच. करार करूनही फर्म रजिस्ट्रारकडे नोंदवली नसेल, तर थकबाकीदारावर फर्मच्या नावाने पैशाचा दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्याने ही नोंदणी भावाशी गोडीत असतानाच उरकून घ्यावी, कारण अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात.